आमचा धंदा वेगळा आहे, पण किती?

शिरोली असो, भोसरी असो की सातपूर, औद्योगिक वसाहतीत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की मालकाच्या तोंडी पहिले वाक्य ठरलेले असते : "आमचा धंदा वेगळा आहे." पाठोपाठ दुसरे येते : "तयार पॅकेज आम्हाला चालणार नाही, आम्ही करूनच घेणार." या दोन वाक्यांच्या मध्ये कुणी थांबून विचार केला आहे असे क्वचितच दिसते. धंदा वेगळा असेलही. पण त्या वेगळेपणासाठी सॉफ्टवेअर करून घ्यावे लागते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट टोकाला बसलेले सल्लागार म्हणतात, "तयार घ्या आणि तुमची पद्धत बदला." माझ्या मते तेही तितकेच चुकतात, आणि दोघांच्या चुकीची किंमत शेवटी तोच लहान कारखानदार मोजतो.

आधी "करून घेऊ"वाल्यांचा पूर्वपक्ष त्यांच्याच शब्दांत मांडतो. ते म्हणतात, शिवून घेतलेला कपडा अंगाला बसतो, तयार कपडा कुठे तरी घट्ट, कुठे तरी ढगळ होतोच. शिवाय पैसे एकदाच द्यायचे, मग वस्तू कायमची आपली. ऐकायला हे पटते. पण दोन्ही मुद्दे तपासले की टिकत नाहीत.

कपडा शिवून हातात आला की शिंप्याशी संबंध संपतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा संबंध त्या दिवशी सुरू होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इन्व्हॉइस ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झाले, आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली, म्हणजे थेट आपल्या वसाहतीतल्या फाउंड्रीच्या दारात. २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पेच बदलले आणि बहुतेक मालासाठी ५ व १८ टक्के हे दोनच दर उरले. या प्रत्येक तारखेला कुणाला तरी रात्री बसून प्रोग्राम बदलावा लागला. टॅलीसारख्या पॅकेजमध्ये ते काम एकदा होते आणि त्याचा खर्च लाखो ग्राहकांत वाटला जातो. तुम्ही करून घेतलेल्या प्रोग्रामचा ग्राहक तुम्ही एकटेच, त्यामुळे खर्चही तुमचा एकट्याचा. आणि तो प्रोग्राम लिहिणारा पोरगा एव्हाना पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलेला असतो. तो सवड काढून फोन उचलतो, हाच त्याचा चांगुलपणा.

"पण आमचे जॉबवर्क आहे ना!" असे फाउंड्रीवाले म्हणतात. कास्टिंग मशिनिंगला बाहेर जाते, तिथून प्लेटिंगला, मग परत येते. ठीक. पण जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हा नियम जीएसटी कायद्याच्या कलम १४३ मधला आहे, तुमच्या कारखान्याचा नव्हे. तो कोल्हापूरला जसा, तसाच राजकोटला. जिथे नियम दुसऱ्याने घालून दिलेला आहे, तिथे तुमचे वेगळेपण फार तर चलनाच्या रंगात असेल.

एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. "वेगळे" हवे असण्यामागे कित्येकदा मागच्या तारखेने नोंद बदलण्याची सोय हवी असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. तेव्हा अशा सोयीसाठी कुणी स्वतंत्र प्रोग्राम करून घेत असेल, तर त्याने आपल्या सीएला आधी विचारावे.

हा वाद आजचा नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याची मुळाशी जाऊन चिकित्सा केली. १९६० साली २० लाख डॉलरचे यंत्र घेणाऱ्याला पगारपत्रकाचा खास प्रोग्राम करून घ्यायला आणखी अडीच लाख डॉलर जड वाटत नव्हते. यंत्र ५० हजारांवर आले तेव्हा तोच खर्च अशक्य झाला आणि लोक तयार पॅकेजप्रमाणे आपली रीत वळवायला शिकले. त्यांची गरज बदलली नव्हती, खर्चाचे प्रमाण बदलले होते. आपल्याकडे लाखाच्या आत संगणक घेऊन त्यावर कित्येक लाखांचा प्रोग्राम लिहवून घेणाऱ्याने हे प्रमाण एकदा कागदावर मांडावे.

आता "वस्तू आपली"चा मुद्दा. इथे मालकवर्गाचे अज्ञान मला अस्वस्थ करते, कारण यात फसवणूक व्हायला कुणी लबाड असण्याचीही गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृती मानला जातो. कलम १७ प्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल तर हक्क मालकाचा. बाहेरच्याला कंत्राट देऊन लिहवून घेतला असेल तर तसे नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोसाठी वा चित्रासाठी कायद्यात अपवाद आहे, प्रोग्रामसाठी नाही. हक्क तुमच्याकडे यायचा तर हस्तांतर लेखी हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरते धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणजे सगळे पैसे चुकते करूनही, सही केलेला कागद नसेल तर तो प्रोग्राम तुमचा नसतो. आणि सोर्स कोड हाती नसेल तर कागद असूनही त्याचा उपयोग नाही.

इथवर वाचून तयार पॅकेज विकणारे खूश होतील. त्यांच्याकडे वळतो.

त्यांचा पूर्वपक्ष असा : जगभरच्या उत्तम पद्धती पॅकेजमध्ये आधीच बांधलेल्या आहेत, तुम्ही त्यांच्याप्रमाणे चाला. हिशोबापुरते हे मान्य. पण ज्या कामात तुमची कमाई आणि तुमची पत आहे, तिथे दुसऱ्याची उत्तम पद्धत ही तुमची हानी असू शकते.

साखर कारखान्याचे ऊसबिल घ्या. शेतकी खात्याकडे नोंद असते : गट नंबर, लागण की खोडवा, जात को ८६०३२ की आणखी कुठली, लागणीची तारीख. त्यावरून तोडणीचा प्रोग्राम लागतो, आणि कुणाचा ऊस आधी तुटला यावरून गावात भांडणे होतात. मग फडावर चिटबॉयची स्लिप, मग काट्यावर भरल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन. एका खेपेचे हे एकच वजन, पण ते तीन खात्यांत पडते. शेतकऱ्याच्या खात्यात उसाची रक्कम. त्यातून तोडणी-वाहतूक वजा, सोसायटीची वसुली वजा, बेण्या-खताची उधारी वजा. तोडणी मुकादमाच्या खात्यात मजुरी आणि कमिशन, त्यातून हंगामाआधी दिलेली उचल वजा. वाहतूकदाराच्या खात्यात अंतराच्या टप्प्याप्रमाणे भाडे, त्यातून त्याचीही उचल वजा. आणि हे सगळे १४ दिवसांत, कारण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यानंतर १५ टक्के व्याज चढते.

सर्वसाधारण धंद्यासाठी लिहिलेले कुठले पॅकेज हे करील? साखर कारखान्यांसाठी म्हणून विकली जाणारी पॅकेजेसही प्रत्येक ठिकाणी बदलूनच घ्यावी लागतात, कारण उचलीची रीत आणि टप्प्यांचे दर कारखान्यागणिक निराळे. इथे "आमचा धंदा वेगळा" हे वाक्य अक्षरशः खरे आहे. इथे पैसे घालावेत, चांगला माणूस नेमावा आणि तो टिकवावा. नियम इथेही बदलतात : एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) दोन टप्प्यांत देण्याचा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. असा बदल तुमच्यासाठी दुसरे कुणी करून देणार नाही. म्हणून करून घेणे याचा अर्थ माणूस कायम पदरी बाळगणे, हे समजूनच त्यात उतरावे.

मात्र त्याच बिलाची रक्कम खतावणीत गेली की तिथून पुढे ती इतर कुठल्याही रकमेसारखी. तिथे पुन्हा तयार पॅकेज. सीमा इतकी स्पष्ट आहे.

दोन्हीच्या मधला एक मार्ग सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक : तयार पॅकेज घ्यायचे आणि त्याचे अंतरंग कापून आपल्या सवयीप्रमाणे करायचे. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने २०११ च्या सुमारास सॅपचे पॅकेज बसवायला घेतले. पॅकेजची रीत साठा विक्रीच्या किमतीवर धरण्याची, लिडलची सवय खरेदीच्या किमतीवर. सवय सोडायची नाही म्हणून पॅकेज कापत गेले, आणि २०१८ मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्चून प्रकल्प गुंडाळला. हा धक्का लिडल सोसू शकते. इचलकरंजीचा चाळीस मागांचा मालक सोसू शकत नाही. पॅकेज घेतले तर ते आहे तसे वापरावे. आपले खास काम बाहेर ठेवून दोघांमध्ये फक्त आकड्यांची देवाणघेवाण ठेवावी. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या खुल्या सॉफ्टवेअरने मालकीचा प्रश्न बराच सोडवला आहे, पण सांभाळणाऱ्या माणसाचा प्रश्न तिथेही उरतोच.

तेव्हा माझा पक्ष असा. ज्या कामाचा नियम सरकार, बँक किंवा बाजार ठरवतो, ते काम तयार पॅकेजवर टाका. ज्या कामाच्या रीतीमुळे गिऱ्हाईक किंवा शेतकरी तुमच्याकडे येतो, तेवढेच करून घ्या, आणि तेही ती रीत कागदावर उतरवल्यानंतर. ऑफिसातल्या दोन जुन्या कारकुनांना वेगवेगळे बसवून एकच काम लिहायला सांगा. दोघांचे लिखाण जुळले तर तुमच्याकडे खरोखर एक पद्धत आहे. जुळले नाही तर तो वेगळेपणा नव्हे, बेशिस्त आहे, आणि बेशिस्तीचा प्रोग्राम लिहवून घेतला की ती महाग होते. मग महिना-दोन महिने तीच रीत एक्सेलवर चालवून बघा. बहुतेकांना तिथेच कळेल की करून घ्यायचे काम वाटले होते त्याच्या चौथाईही नाही.

आणि एक विनंती. तुमच्या सॉफ्टवेअरचा करार कपाटातून काढून आज वाचा. करून घेतले असेल तर हक्काचे लेखी हस्तांतर आणि सोर्स कोड त्यात आहे का पाहा. तयार घेतले असेल तर तुमच्या सगळ्या नोंदी दुसरीकडे नेता येतील अशा रूपात बाहेर काढून मिळतील, असे लिहिले आहे का पाहा. नसेल, तर एएमसीचा पुढचा चेक फाडण्याआधी ते लेखी मागा.