लस दरवर्षी की तीन वर्षांनी?

पावसाळा तोंडावर आला की डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात एक संवाद हमखास होतो. "डॉक्टर, गेल्याच वर्षी सगळी इंजेक्शने झाली. आमचा टॉमी चौथ्या मजल्यावर राहतो, सकाळ-संध्याकाळ फिरण्यापुरता खाली उतरतो. पुन्हा कशाला?" पूर्वी मी कार्डावरची तारीख दाखवून लस टोचून मोकळा होत असे. आता समोर बसवून समजावतो, कारण प्रश्न रास्त आहे. दरवर्षी सरसकट सगळ्या लसी टोचल्या तर फायदा माझ्या गल्ल्याचा आहे. म्हणूनच याचे उत्तर मी स्पष्ट दिले पाहिजे. सगळ्या लसींना एकच माप लावू नये, असे माझे मत आहे.

पहिली लस रेबीजची. इथे मात्र घासाघीस नको. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की कुत्रा काय आणि माणूस काय, वाचणे जवळजवळ अशक्यच. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी आणि पुढे वर्षाला एक. तीन वर्षे संरक्षण देणाऱ्या लसीही मिळतात, हे मी नाकारत नाही. पण ठाणे असो वा कल्याण, आपल्या गल्लीबोळांत भटकी कुत्री आहेत आणि फिरायला नेलेल्या कुत्र्याला चावा बसायला क्षण पुरतो. शिवाय वर्षाची तारीख लक्षात राहते, तीन वर्षांची विसरते. मांजर पाळणाऱ्यांनीही हे स्वतःला लागू समजावे. खिडकीतून छपरावर जाणारी मनी रात्री कुणाशी भांडून आली, हे आपल्याला कळत नाही.

दुसरा गट डिस्टेंपर, पार्व्हो आणि कावीळ आणणाऱ्या हिपॅटायटिसच्या लसींचा. इथे हयगय होते ती पिल्लाच्या वयात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निष्प्रभ करू शकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. "एक दिला, पिल्लू छान खेळते आहे," म्हणून पुढचे चुकवणाऱ्यांची पिल्ले रक्ताचे जुलाब होऊन माझ्या टेबलावर येतात, तेव्हा सलाईन लावण्यापलीकडे माझ्या हाती फारसे उरत नाही. हा क्रम पुरा झाला आणि सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान एक बूस्टर दिला, की या तीन रोगांची लस तीन वर्षांतून एकदा पुरते. जागतिक पातळीवरील पशुवैद्यक संघटनेचाही हाच सल्ला आहे. ती दरवर्षी द्यायची गरज नाही.

तिसरी लस लेप्टोस्पायरोसिसची. तिचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाणे परिसरात माणसांमध्ये लेप्टोची साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. त्या पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि त्याच्या मूत्रातून रोग घरातल्यांनाही होऊ शकतो. उल्हास नदीकाठी किंवा पाणी तुंबणाऱ्या सखल भागात राहणाऱ्यांनी ही लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्यावी. लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर ती चालत नाही, म्हणून कुत्र्याला डबक्यांपासून दूर ठेवावेच.

एक गैरसमज फार धोक्याचा आहे. "घरचेच कुत्रे, लस दिलेली आहे, चावले तर काय होते?" असे म्हणून बसू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. आता पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत. लस दंडात दिली जाते आणि सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

शेवटी गल्लीतल्या कुत्र्यांविषयी. एखाद्या भागातल्या शंभरपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळत राहिली की रेबीजची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लसी दिल्या गेल्या आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. आपल्या सोसायट्यांच्या सभांत पार्किंगवर तासन्‌तास वाद चालतात. त्यातली दहा मिनिटे फाटकापाशी झोपणाऱ्या कुत्र्यांच्या लसीसाठी काढली, तर आपल्याच मुलाबाळांचे रक्षण होईल.

तोवर एवढे करा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की विचारा: ही लस कोणत्या रोगाची, किती काळ टिकणारी, आणि आमच्या घराला तिची गरज का? डॉक्टरांनी कंटाळा न करता उत्तर दिले पाहिजे. मीही देईन.