मुलांना सावध करा, धाक दाखवू नका

‘पार्सलचा पत्ता अपुरा आहे, लिंकवर दुरुस्त करा’ असा टपाल खात्याच्या नावाचा संदेश मोबाईलवर येतो. खाते असे संदेश पाठवत नाही, हे टपाल कामगार जाणतो. घरी त्याचा फोन हाताळणारे मूल जाणते काय? पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, हे मुलांकडून पाढ्यांसारखे घोकून घ्या. पण खरा प्रश्न पुढचा आहे. चूक झाल्यावर माराच्या भीतीने मूल गप्प बसते आणि तेवढ्या वेळात घामाचा पगार लुटारूंच्या हाती जातो. १९३० वर तत्काळ तक्रार केली, तरच रक्कम गोठवली जाण्याची आशा असते. म्हणून कामगार बंधू-भगिनींनो, मुलाला आजच सांगा: चुकलास तरी आधी आम्हाला सांग. प्रत्येक शाखेने हे घरोघरी पोचवावे, असे आमचे आवाहन आहे.