माथेरानची माती आणि फुलपाखरे

माथेरानला सहकुटुंब गेलेला प्रवासी पहिली तक्रार करतो ती तेथल्या लाल मातीची. ती बुटांवर बसते, पांढऱ्या कपड्यांवरून जात नाही, पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात नाकातोंडात जाते. दुसरी तक्रार घोड्यांच्या लिदीची. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि पदरमोड करून चार दिवस हवापालटासाठी आलेल्या नोकरदाराला त्या करण्याचा हक्कही आहे. परंतु ज्या ओल्या मातीला तो नाक मुरडतो, तेथेच त्याच्या मुलाला भलतेच काही दिसलेले असते. वाटेच्या वळणावर, कपारीतून पाझरणाऱ्या पाण्याने भिजलेल्या हातभर जागेत आठ-दहा फुलपाखरे पंख मिटून, सोंड मातीला लावून बसलेली असतात. मूल थबकते. इको पॉइंटला जायचे आहे, मग जेवायला उशीर होईल, असे म्हणत वडील त्याचा हात ओढतात आणि मिरवणूक पुढे सरकते.

थंड हवेच्या ठिकाणी जाणे म्हणजे पॉइंटांची यादी संपविणे, ही समजूत मध्यमवर्गीय सहलींत इतकी मुरली आहे की, यादीबाहेरचे काही पाहण्यासाठी पाच मिनिटे थांबणेसुद्धा वेळेचा अपव्यय वाटतो. कडे आणि दऱ्या पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण ते उद्याही तेथेच असतील. चिखलावरचा तो मेळा ऊन कलले की उठतो.

फुलपाखरे चिखलावर का बसतात, हा प्रश्न मुलाने विचारला तर बहुतेक पालक ‘पाणी पितात’ असे सांगून मोकळे होतील. ते अर्धेच उत्तर झाले. फुलातील मधुरसात साखर असते, पाणी असते, पण क्षार फारच थोडे, विशेषतः सोडियम. ते ओल्या मातीतून, जनावरांच्या मुतातून, शेण-लिदीतून मिळते. मराठी निसर्गअभ्यासक याला चिखलपान म्हणतात. हा शब्द चांगला रुजावा. चिखलपानाला येणारी फुलपाखरे बहुतांशी नर असतात. त्यांनी शोषलेल्या क्षारांचा काही भाग मीलनाच्या वेळी मादीला मिळतो आणि तिच्याकडून अंड्यांत जातो. म्हणजे प्रवाशाच्या बुटाला लागलेला चिखल हा फुलपाखरांच्या पुढल्या पिढीचा शिधा असतो. लिदीने पिण्याचे पाणी दूषित होते हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या घाणीवरून माणूस उडी मारून जातो तिच्यावर काळ्या पंखांवर हिरवट-निळा पट्टा असलेले देखणे फुलपाखरू उतरते, ही गोष्ट प्राथमिक शाळेतल्या मुलालाही विचारात पाडील.

हा छंद लावून घेण्यास खर्च नाही. पक्षी पाहायचे तर दुर्बीण लागते. फुलपाखरू, सावली अंगावर पडू न देता हळू पावलांनी गेल्यास, हातभर अंतरावर बसून राहते. मात्र त्याला ऊन हवे. त्याचे शरीर स्वतःची उष्णता राखू शकत नाही, म्हणून सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास ते पंख पसरून ऊन खात बसते आणि ढग आले की पानाआड जाते. घाईने चालणाऱ्या बापापेक्षा बुटका मुलगा ते आधी पाहतो, आणि सहलीत एकदा तरी बापाला मुलाकडून शिकावे लागते. पूर्वी शाळांतून कीटक टाचून आणण्याचे काम मुलांना दिले जाई. फुलपाखरांच्या अनेक जाती आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि तो कायदा नसता तरी टाचणीपेक्षा वही बरी. तारीख, वेळ, ऊन की ढग, बसले कोणत्या झाडावर, एवढे टिपले तरी पुरे.

नावांची अडचण मात्र आजवर खरी होती. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, पश्चिम घाटात सव्वातीनशेच्या वर. त्यांची प्रचलित नावे इंग्रजी, आणि त्यांतही कमांडर, सार्जंट, कमोडोर अशी लष्करी थाटाची. झाडावर बसलेल्या किड्याला हुद्दा देण्याची ही हौस साहेबालाच शोभते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. राज्य फुलपाखरू ठरविणारे हे देशातील पहिले राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली, त्यांत ते ‘नीलवंत’ झाले. काळ्या मखमली पंखांवर आकाशी निळा पट्टा मिरवीत जाणारे हे वीतभर रुंदीचे फुलपाखरू एकदा ओळखता आले की मुलाच्या मनातून जात नाही.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे अमानुष आहे, असे न्यायालयाने बजावले. हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. ई-रिक्षा चालायची तर पक्का रस्ता हवा, म्हणून दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविण्यास न्यायालयाने मान्यता दिली. मात्र आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ते बसवू नयेत असेही सांगितले. ही रेघ योग्य ठिकाणी ओढली आहे. वृद्ध, आजारी आणि शाळकरी मुले यांच्या सोयीपुढे फुलपाखरांची कैफियत मांडणे हा निव्वळ शहरी लाड ठरेल. पण गावाच्या मुख्य रस्त्याची गरज दाखवून उद्या प्रत्येक पॉइंटपर्यंत ब्लॉक मागितले जातील, आणि पर्यटकांची तीच मागणी आहे असे सांगितले जाईल. ब्लॉकवर चिखल साचत नाही, तेथे चिखलपानही होत नाही.

पावसात माती वाहून जाते, हा ब्लॉकवाल्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यावर उपाय पाण्याला वाट काढून देण्याचा, उतारावर दगडी अडसर घालण्याचा आणि दरवर्षी डागडुजी करण्याचा आहे. हे काम बिनदिमाखाचे आहे. त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणूनच ते मागे पडते.

दुसरा धोका सुशोभीकरणाचा. फुलपाखरू फुलावर दिसते, पण ते जगते अळीच्या रूपात, पानावर, आणि बहुतेक जातींच्या अळ्यांना मोजकीच झाडे चालतात. नीलवंताला लिंबाच्या कुळातील रानझाडे लागतात. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळ्या-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांची अळी पोसते. पंख मिटले की वाळक्या पानासारखे दिसणारे प्रसिद्ध कॅलिमा कारवीवर अंडी घालते. यांतले बरेचसे सौंदर्यदृष्टीच्या माणसाला झुडूप, रान किंवा कचरा वाटते. ते छाटून तेथे परदेशी शोभेची रोपे लावली जातात आणि कुंडीशेजारी फुलपाखराचे सिमेंटचे चित्र उभे राहते! घाणेरीचेही असेच. अमेरिकेतून आलेल्या या झुडपावर मध चाखायला फुलपाखरांची झुंबड उडते, त्यामुळे रान सुस्थितीत असल्याचा भास होतो. पण आपल्याकडच्या फुलपाखरांना तिच्यावर मेजवानी मिळते, घर मिळत नाही.

माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि मोटारींना तेथे मज्जाव असल्यामुळेच मातीच्या वाटा टिकल्या. तेव्हा नगरपरिषद व वनखाते यांच्याकडे मागणे फार नाही. आतल्या वाटांची कडेची झुडपे कोणती ठेवायची हे वनस्पती ओळखणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे, पावसाळा संपताच ती सरसकट साफ करू नयेत. शिक्षकांनी सहल मे महिन्याऐवजी दिवाळीच्या सुटीच्या आसपास नेली तर फुलपाखरांचा हंगाम सापडतो, गर्दीच्या दिवशी मात्र नाही. मे अखेरीस जाणाऱ्यांनी पिकून पडलेल्या जांभळांखाली पाहावे. फुलांकडे सहसा न फिरकणाऱ्या काही जाती आंबलेल्या फळांवर तेथे सापडतील.