नव्या गुडघ्याशेजारचे जुने हाड



गुडघा बदललेल्या आया-बहिणी आता बहुतेक वस्त्यांतून दिसतात. बांधकामावर, शेतात, चार घरच्या धुण्याभांड्यात झिजलेला गुडघा बदलला की बाई पुन्हा चालू लागते, ही विज्ञानाची देणगीच आहे. परंतु धातूचा हा सांधा बसतो आपल्याच जुन्या हाडावर, आणि त्या हाडाची चौकशी घरात कोणी करीत नाही.

हाड भार पडला तरच भक्कम राहते. धातू भार स्वतःवर घेतो, तेव्हा त्यालगतचे हाड विरळ होते. पाळी गेलेल्या स्त्रीचे हाड आधीच ठिसूळ झालेले. त्यात सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे स्टिरॉईडच्या गोळ्या घेतलेल्या असल्या तर विचारूच नका. मग मोरीत पाय घसरण्याचे निमित्त पुरते आणि गुडघ्याच्या जरा वर मांडीचे हाड मोडते.

दुसरे दुखणे सावकाश येते. सांध्यातले प्लॅस्टिक झिजून बारीक कण सुटतात, शरीर त्यांच्याशी झगडते आणि त्यात शेजारचे हाड पोखरले जाऊन सांधा सैल होतो. पुष्कळदा हे होताना दुखतही नाही. म्हणून बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे चुकवू नये. चांगला चाललेला गुडघा काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागला, तर वयाचे दुखणे म्हणून तेल चोळत बसू नये.

नाचणी, तीळ, सुकट ताटात असावी. गोळ्या मात्र हाडांची तपासणी करून डॉक्टर सांगतील त्याच. मोरीतले शेवाळ घासून काढा, भिंतीला धरायला दांडा बसवा. विहारात वंदनेच्या वेळी अशा आजींना खुर्ची द्यावी. खुर्चीवर बसल्याने श्रद्धा कमी होत नाही, हे उपासिका संघांनीच मोठ्याने सांगावे, असे आम्हांस वाटते.

पडल्यावर उभे राहवत नसेल तर बळेच उभे करू नका, हाडवैद्याकडून ओढूनही घेऊ नका. पाय आहे तसा फळीला बांधून मोठ्या इस्पितळात न्या. सोबत ऑपरेशनचा कागद हवाच. सांध्याची कंपनी आणि माप लिहिलेल्या चिकटपट्ट्या बहुधा त्यावरच असतात. त्यावरून डॉक्टरांना ठरवता येते, की पट्टी लावायची, आतून सळई घालायची, की सांधाच बदलायचा. हा कागद रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक झेरॉक्स लेकीकडे द्या.