पाण्याची किंमत कोण मोजतो?

बीड जिल्ह्यात दुष्काळ पडला की सारा दोष आभाळाच्या माथी मारून मोकळे होण्याची रीत पडली आहे. पाऊस लहरी आहे, हे खरेच. परंतु २०१६ साली केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. हा निसर्गाचा कोप की माणसाचा हिशेब?

केंद्रीय कृषिमूल्य आयोगाच्या मते, राज्यातील पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी भूमीवरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. हे पाणी कोणाच्या वाट्याचे?

येथील काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. एकाने बोअर खोल नेला की शेजाऱ्याची विहीर आटते. बोअर घेणारा खोदाईचा व पंपाचा खर्च सोसतो. शेजाऱ्याची हानी मात्र त्याच्या वहीत कधीच लिहिली जात नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने असा दुसऱ्यावर लादला जाणारा खर्च १९२० सालीच दाखवून दिला होता. शेजारी मग आणखी खोल जातो. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, आणि सर्वांचा मिळून सर्वनाश! ज्याला खोल जाणे परवडत नाही, तो कोयता घेऊन परमुलखात दुसऱ्याचाच ऊस तोडायला जातो.

केवळ शेतकऱ्याला लोभी ठरवणे हा अन्याय होय. उसाला दराची हमी आहे. तूर-बाजरीला तशी खात्रीची खरेदी नाही. त्यात २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आणि उपशावरचा उरलासुरला लगामही सुटला. ६० मीटरहून खोल विहिरींना आवर घालणारा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे; पण कायदा एकटा गावाची राखण करीत नाही.

सामायिक साधनसंपत्ती समाज स्वतः राखू शकतो, हे सिद्ध करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले. त्याचे प्रमाण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. हिवरेबाजारची ग्रामसभा पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. सिंचनासाठी बोअर आणि ऊस यांना तेथे मज्जाव आहे.

जे हिवरेबाजारला जमते, ते बीडच्या गावांना का जमू नये? शासनाने कोरडवाहू पिकांना खरेदीची खात्री द्यावी आणि ग्रामसभांनी ताळेबंद हाती घ्यावा. उद्याच्या पिढीला आज मत नाही, बाजारात बोलीही लावता येत नाही. तिच्या वाट्याचे पाणी राखणे, हे दान नव्हे. ते ऋण आहे.