कामगाराचा कान आणि संसदेचा कायदा

परवा रात्री दवाखाना बंद करता करता एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. तक्रार बाईंचीच होती. "डॉक्टर, हे टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी भांडायला येतात." गृहस्थ ४३ वर्षांचे, चाकणजवळच्या एका शेडमध्ये १८ वर्षे पॉवर प्रेसवर. कानात मळ नाही, पडदा शाबूत. ऑडिओग्राम करून घेतला. दोन्ही कानांना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले आहेत. आवाजाने मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे सांगावे लागले.

सतराव्या लोकसभेच्या काळात (२०१९-२४) नागरिकत्व, महिला आरक्षण अशा कायद्यांवर आपल्याकडे चहाच्या टपरीवरही वाद झाले. पण कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याची संहिता सप्टेंबर २०२० मध्ये, राज्यसभेत विरोधकांचा बहिष्कार असताना मंजूर झाली, ती फारशी कोणाला कळली नाही. आम्ही तेव्हा ऑक्सिजनच्या खाटा शोधत होतो. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला.

चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी होणार, असे सरकारने जाहीर केले आहे. चांगलेच आहे. पण प्रेसवरच्या माणसाचे नुसते रक्तदाब आणि साखर पाहून काय मिळणार? त्याचा कान तपासा, वेल्डरची छाती तपासा. शिवाय चाळिशीपर्यंत थांबायचे कशाला? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज घातक समजावा, वय काहीही असो. आणि १९४८च्या मूळ कायद्यात विजेवर काम चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे, संहितेत वीस लागतात. आपल्याकडच्या बारा-पंधरा जणांच्या शेडचे काय, हे मला पटलेले नाही.

आता आमच्याबद्दल. आवाजाने आलेला बहिरेपणा हा नोंद करण्याच्या रोगांपैकी आहे. असा रुग्ण दिसला की डॉक्टरने विनाविलंब लेखी कळवावे, हे जुन्या कायद्यात होते आणि संहितेतही आहे. न कळवल्यास दहा हजारांपर्यंत दंड. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असा एकही अहवाल पाठवलेला नाही. दरवेळी कामगार हात जोडतो, "साहेब, नोकरी जाईल."

परवाचे गृहस्थही तेच म्हणाले. अहवाल लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली, आणि मी दिली.