डाव्या हाताची सवय

कोरेगाव स्टेशनवरून हँडलवाल्या रिक्षेत बसलात, तर काकांच्या डाव्या हाताकडे बघा. क्लच दाबायचा, मूठ फिरवून गिअर बदलायचा, मग क्लच हळूच सोडायचा. घाई केली, की गचका खाऊन रिक्षा बंद!

होंडाने १९५८ साली जपानमध्ये 'सुपर कब' ही दुचाकी काढली. तिला क्लचचा दांडाच नाही! शेवयांची ताटं पोचवणाऱ्या पोरांचा डावा हात मोकळा राहावा, म्हणून. गिअर पायाने बदलायचा, क्लच आपोआप. कसा? गोफण आठवा. फिरवली, की दगड बाहेर ओढ घेतो ना? तसंच इंजिन जोरात फिरलं, की क्लचमधले तुकडे बाहेर सरकून कडेला घट्ट बसतात नि चाक ओढू लागतात. हे झालं अर्धस्वयंचलित.

कॅनडाच्या 'स्पायडर' या तीनचाकी मोटरसायकलच्या एका प्रकारात तर अंगठ्याने कळ दाबली, की वरचा गिअर पडतो. वेग घटला, की खालचा आपोआप.

पण हाताची सवय? आमच्या ओळखीचे एक रिक्षावाले काका पहिल्यांदाच बिनगिअरच्या स्कूटरवर बसले. वळणावर सवयीने 'क्लच' दाबला. तो निघाला मागचा ब्रेक! मागे बसलेल्या काकू वाचल्या, टोमॅटो मात्र रस्ताभर. तेव्हा बाबांनी नवी स्कूटर आणली, तर आधी मोकळ्या मैदानात चालवायला सांगा बरं!